संकेतस्थळ तयार आहे, पण तिकडे कोणी फिरकत नाही

वाचकांचे प्रश्न

स्वतःच्या संकेतस्थळाविषयी मुक्त लेखक आणि अनुवादक यांची पत्रे अलीकडे बरीच येऊ लागली आहेत. त्यांतील काही प्रश्नांची उत्तरे या वेळी एकत्र देत आहोत. सदराच्या प्रथेप्रमाणे पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : शेती, सहकार आणि बँकिंग या विषयांवर मी मराठीत लेखन करतो, तसेच इंग्रजीतून मराठीत अनुवादही करतो. गेल्या वर्षी स्वतःचे संकेतस्थळ करवून घेतले. त्यावर माझा परिचय, केलेल्या कामांची यादी आणि काही लेख आहेत. मात्र आठवड्याला मोजकेच लोक तिथे येतात आणि त्यांतही निम्मे घरचेच असावेत, अशी शंका येते. भेट देणाऱ्यांची संख्या वाढवण्यासाठी काय करावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : संख्येचा विचार करण्याआधी तिथे कोणी यायला हवे, हे ठरवावे असे मी सुचवीन. वर्तमानपत्राच्या संकेतस्थळाला जाहिरातींतून उत्पन्न मिळते, म्हणून त्याला गर्दी लागते. आपले उत्पन्न मात्र लेखनाच्या कामातून येणार आहे. सहकारी बँकेच्या प्रसिद्धी विभागातील अधिकारी, शेतकऱ्यांसाठी पुस्तिका काढणाऱ्या संस्थेचा समन्वयक, जाहिरात संस्थेत मराठी मजकुराची जबाबदारी सांभाळणारी व्यक्ती, अशी पाच-सहा माणसे महिन्याभरात आपल्या पानावर आली आणि त्यांतील एकाने फोन केला, तर संकेतस्थळ उत्तम चालले आहे असेच म्हणावे लागेल.

ही माणसे शोध कशी घेतात, हे मग पाहावे लागते. मराठी मजकूर ज्याला हवा आहे तो ग्राहक पुष्कळदा स्वतः मराठी नसतो. बंगळुरू किंवा दिल्लीतील कंपनीला महाराष्ट्रातील ग्राहकांसाठी माहितीपत्रक हवे असते; तिथला अधिकारी गुगलवर इंग्रजीत शोध घेतो आणि निव्वळ मराठी पान समोर आले, तर ते वाचता येत नसल्याने पुढे जातो. म्हणून सेवांची माहिती मराठीत आणि इंग्रजीत अशी दोन स्वतंत्र पानांवर द्यावी. एकाच पानावर दोन्ही भाषांची सरमिसळ करू नये, कारण पानाची भाषा कोणती हे गुगल त्यावरील दृश्य मजकुरावरूनच ठरवतो.

यात आणखी एक मेख आहे. 'इंग्लिश टू मराठी ट्रान्सलेशन' असे शब्द टंकणाऱ्यांतील फार थोड्यांना अनुवादक हवा असतो. बाकीच्यांना फुकटचे यंत्र हवे असते. गुगल ट्रान्सलेटमध्ये २०१३ साली मराठीचा समावेश झाला आणि आज त्या शब्दांवर पहिले स्थान मिळवण्याची ईर्ष्या एकट्या अनुवादकाने धरणे व्यर्थ आहे. उलट 'वार्षिक अहवालाचा मराठी अनुवाद', 'पतसंस्थेच्या माहितीपत्रकाचे लेखन' किंवा 'कृषी विषयाचा मराठी अनुवादक' असे शोधणाऱ्याच्या हाती प्रत्यक्ष काम असते. असे शोधणारे थोडे, पण तिथे स्पर्धाही थोडी. तेव्हा 'सेवा' या एकाच पानावर दहा गोष्टींची जंत्री देण्याऐवजी प्रत्येक कामासाठी वेगळे पान करावे आणि त्यावर त्या कामाचा एक तरी नमुना ठेवावा. ग्राहकाचा मजकूर गोपनीय असेल, तर स्वतः इंग्रजीत एखादा उतारा लिहून त्याचा मराठी अनुवाद शेजारी द्यावा. अनुवादकाची पारख करणाऱ्याला पदव्यांच्या यादीपेक्षा असे दोन परिच्छेद अधिक सांगून जातात.

आपल्या पत्रातील पत्त्यावर जाऊन पाहिले असता प्रत्येक पानाचे शीर्षक 'होम', 'अबाउट', 'सर्व्हिसेस' असे दिसले. गुगलच्या निकालांत ठळकपणे दिसणारी ओळ बहुधा याच शीर्षकावरून तयार होते. तिथे 'इंग्रजी-मराठी अनुवादक : शेती, सहकार, बँकिंग' असे काही असते, तर शोधणारा थांबला असता. शीर्षकाखाली दिसणारे दोन ओळींचे वर्णनही प्रत्येक पानासाठी वेगळे लिहावे. संकेतस्थळ बनवून देणारे काही जण आजही 'कीवर्ड भरून देतो' म्हणून निराळे पैसे घेतात. पानाच्या अंतरंगात दडवलेल्या त्या कीवर्डच्या, म्हणजे शोधशब्दांच्या, यादीचा क्रमवारीसाठी आपण उपयोग करत नाही, असे गुगलने २००९ सालीच जाहीर केले आहे. तो खर्च वाचवावा.

यानंतर 'गुगल सर्च कन्सोल' ही मोफत सुविधा सुरू करून घ्यावी. संकेतस्थळ आपल्या मालकीचे असल्याची खातरजमा एकदा करून दिली आणि पानांची यादी, म्हणजे साइटमॅप, तिथे सादर केली, की कोणत्या शोधशब्दांवर आपले पान निकालांत दिसले, साधारण कितव्या स्थानी दिसले आणि त्यावर कितींनी क्लिक केले, हे १६ महिन्यांपर्यंतचे मागे जाऊन पाहता येते. भेटींचा आकडा दाखवणाऱ्या मोजणीयंत्रापेक्षा मी या तक्त्याला अधिक महत्त्व देतो. त्या आकड्यात आपण स्वतः आणि निरनिराळी स्वयंचलित यंत्रेही मोजली गेलेली असू शकतात. एखाद्या शोधशब्दावर पान वारंवार दिसते पण कोणी क्लिक करत नाही, असे आढळले तर शीर्षक बदलावे. ज्या शब्दांचा आपण विचारही केला नव्हता ते तिथे दिसले, तर पुढच्या लेखाचा विषय आपोआप सापडतो.

आता संकेतस्थळाबाहेरचे काम, आणि माझ्या मते लेखकाच्या बाबतीत खरा प्रसार इथेच होतो. एका संकेतस्थळाने दुसऱ्याला दिलेली लिंक ही शिफारस मानावी, या कल्पनेवर गुगलची उभारणी १९९८ साली झाली आणि इतर अनेक कसोट्यांची भर पडूनही ती कल्पना टिकून आहे. दुकानदाराला अशा शिफारशी मिळवण्यासाठी खटपट करावी लागते. लेखकाचे तसे नसते. त्याचे नाव दुसऱ्यांच्या पानांवर सतत छापले जातच असते. प्रत्येक लेखाखाली येणाऱ्या लेखक-परिचयाच्या ओळीत संकेतस्थळाचा पत्ता असलाच पाहिजे, आणि ती विनंती लेख पाठवतानाच, तयार परिचय सोबत जोडून करावी. अंक बाहेर पडल्यावर केलेली विनंती संपादक सौजन्याने ऐकून घेतात आणि विसरून जातात. ज्या संस्थांसाठी पुस्तिका किंवा अहवाल लिहिले, त्यांच्या संकेतस्थळावर श्रेयनामावली असेल तर तिथेही नाव लिंकसह द्यावे, असे सुचवून पाहावे.

छापील अंकांनाही कमी लेखू नये. १९०९ साली का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'पासून सुरू झालेली दिवाळी अंकांची परंपरा आजही संपादक, प्रकाशक आणि जाणते वाचक यांना एकत्र आणते, आणि अनेक अंकांत लेखाअखेरीस लेखकाचा संपर्क देण्याची पद्धत आहे. तिथे फोन क्रमांकासोबत संकेतस्थळाचा पत्ता किंवा क्यूआर कोड जावा. संपादकांची जुळवाजुळव दिवाळीच्या कितीतरी आधी सुरू होते, त्यामुळे लेखाचा प्रस्ताव पाठवताना पत्राखाली हा पत्ता असला, की तो निदान एकदा तरी उघडला जातो.

लेखांच्या वेळेकडेही लक्ष द्यावे. आपला विषय शेतीचा आहे. खरीप पीक विम्याच्या अर्जांची मुदत साधारणतः जुलैच्या आसपास असते. त्याविषयीचा लेख जुलैत टाकला, तर गुगलने त्याची नोंद घेऊन तो वर आणेपर्यंत हंगाम सरतो. तोच लेख एप्रिल-मेमध्ये प्रसिद्ध करून दरवर्षी त्याच पत्त्यावर अद्ययावत करत राहिल्यास, जुन्या पानाने मिळवलेल्या लिंक वाया जात नाहीत. लेखात 'सातबारा' हा शब्द लिहिताना '७/१२' हेही एकदा यावे, कारण लोक दोन्ही प्रकारे शोधतात.

अर्थात, निव्वळ माहितीपर लेखांवर सारी भिस्त ठेवू नये. गुगलने ऑगस्ट २०२४ पासून भारतात, इंग्रजी आणि हिंदीतील शोधांसाठी, निकालांच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला सारांश द्यायला सुरुवात केली. सारांशातच उत्तर मिळाले, की पान उघडण्याचे कारण उरत नाही. मात्र काम सोपवण्यासाठी माणूस शोधणाऱ्याचे सारांशावर भागत नाही, आणि आपल्याला तोच हवा आहे.

प्रश्न : माझे वीस वर्षांतील लेख श्री-लिपी आणि कृतिदेवमध्ये टंकलेले आहेत, काहींची फक्त कात्रणे उरली आहेत. मुलाने त्यांच्या पीडीएफ व छायाचित्रे संकेतस्थळावर चढवली, परंतु लेखाचे पूर्ण शीर्षक टंकूनही गुगलवर काहीच सापडत नाही. शिवाय हे लेख असे पुन्हा प्रसिद्ध करण्याचा मला अधिकार आहे का, हीही शंका आहे. (एक लेखिका, नागपूर)

उत्तर : मराठी लेखकांच्या संकेतस्थळांचे सर्वाधिक नुकसान ज्याने होते, तो हाच दोष आहे. श्री-लिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये संगणकाच्या दृष्टीने साठवलेली असतात ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. पडद्यावर त्यांना देवनागरीचा आकार देण्याचे काम तेवढा फाँट करतो. डोळ्यांना 'पाऊस' दिसतो, यंत्राला मात्र निरर्थक अक्षरांची रांग दिसते. याची परीक्षा सोपी आहे : पीडीएफमधील एक ओळ उचलून ईमेलमध्ये चिकटवून पाहा. तिथे जे उमटेल, तेच यंत्राच्याही हाती लागते असे समजा.

उपाय म्हणजे सारा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक देवनागरी चिन्हाला स्वतःचा संकेत देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, आणणे आणि पीडीएफऐवजी साध्या पानाच्या रूपात ठेवणे. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. ती काम हलके करतात, पण रफार, जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी यांच्या जागा चुकवतात. कात्रणांसाठी गुगल ड्राइव्ह किंवा गुगल लेन्सद्वारे छायाचित्रातील देवनागरी मजकूर वेगळा काढता येतो, मात्र त्याचे मुद्रितशोधन डोळ्यांत तेल घालूनच करावे लागते. वीस वर्षांचे सगळेच लेख एकदम करण्याचा घाट घालू नका. ज्या विषयांवर आज तुम्हाला काम किंवा व्याख्यान मिळावे असे वाटते, त्या विषयांवरील निवडक लेख आधी घ्यावेत.

युनिकोडमध्येही दोन बारीक गोष्टी सांभाळाव्यात. 'दुसऱ्या' या शब्दातील ऱ्या दोन रीतींनी टंकता येतो : नुक्ता असलेले स्वतंत्र ऱ हे अक्षर वापरून, किंवा साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. दिसायला दोन्ही सारखे, पण यंत्राच्या लेखी ते वेगळे शब्द ठरू शकतात. 'ॲ'चीही तीच गत आहे. तो स्वतंत्र अक्षर म्हणून येतो किंवा अ वर अर्धचंद्र जोडूनही येतो. एकच कळफलक वापरावा आणि संकेतस्थळावर सर्वत्र एकच रीत ठेवावी.

दुसरी गोष्ट पानाच्या पत्त्याची. संकेतस्थळ चालवण्याच्या वर्डप्रेससारख्या प्रणालीत देवनागरी शीर्षक दिले, की पत्ताही देवनागरीतच तयार होतो. तो व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलमध्ये चिकटवताना पुष्कळदा टक्केवारीच्या चिन्हांनी भरलेल्या लांबलचक ओळीत बदलतो, कारण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते आणि अशा पत्त्यात त्या एकेका चिन्हाला नऊ अक्षरे खर्ची पडतात. वर्डप्रेसमध्ये पत्त्याच्या या भागाला २०० अक्षरांची मर्यादा असल्याने साधारण २२ चिन्हांनंतर तो मधेच तुटतो, आणि काना-मात्रा हीही स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. तेव्हा शीर्षक खुशाल मराठीत ठेवा. पत्ता मात्र रोमन लिपीत तीन-चार शब्दांचा, फोनवर सांगता येईल असा करा. आधीच प्रसिद्ध झालेल्या पानांचे पत्ते बदललेत, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवण्याची सोय न विसरता करून घ्यावी.

अधिकाराविषयी : १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार लेखाचा पहिला मालक सामान्यतः लेखकच असतो. वर्तमानपत्राच्या किंवा नियतकालिकाच्या नोकरीत असताना लिहिलेल्या मजकुराला वेगळा नियम लागू होतो. तुम्ही मुक्त लेखिका म्हणून लिहीत होता, हे गृहीत धरून मी लिहीत आहे. अधिकाराचे हस्तांतर लेखी आणि सही केलेले असावे लागते. मानधनाचा धनादेश स्वीकारला एवढ्यावरून ते होत नाही. लेखी करार असून त्यात मुदत नमूद नसेल, तर कायदा ती ५ वर्षांची मानतो, आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता मानतो. तेव्हा जुने कागद एकदा पाहून घ्या. करार नसला तरी 'पूर्वप्रसिद्धी' म्हणून नियतकालिकाचे नाव आणि वर्ष लेखाखाली द्यावे. तो शिष्टाचार तर आहेच, शिवाय अनोळखी वाचकाला तुमच्या अनुभवाची खूणही त्यातून पटते. कात्रणात दुसऱ्या चित्रकाराचे रेखाचित्र असेल, तर त्याच्यावर तुमचा अधिकार नाही, एवढे लक्षात ठेवावे.

प्रश्न : मराठी लेखिकेचा पत्ता '.भारत'ने संपणारा आणि देवनागरीत असावा, असे मला मनापासून वाटते. त्याने वाचक वाढतील का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : '.भारत' हा देवनागरी पत्ता २०१४ पासून उपलब्ध आहे आणि तो घेण्यास काहीच हरकत नाही. वाचक मात्र त्यामुळे वाढणार नाहीत. अनेक अर्जांमध्ये आणि ईमेल प्रणालींमध्ये देवनागरी पत्ता आजही स्वीकारला जात नाही, आणि अमराठी ग्राहकाच्या कळफलकावर तो टंकताच येत नाही. मुख्य पत्ता '.इन' किंवा '.कॉम' ठेवून देवनागरी पत्ता त्याकडे वळवावा. हौसही पुरी होते.

प्रश्न : मी नव्या लेखाची लिंक रोज निरनिराळ्या व्हॉट्सॲप गटांत टाकते. लोक अंगठा दाखवतात, पण लिंक उघडत नाहीत. काही गटप्रमुखांनी तर मला समजही दिली. (एक लेखिका, पुणे)

उत्तर : गटप्रमुखांचे चुकले, असे मला वाटत नाही. शाळेच्या वर्गमित्रांचा किंवा सोसायटीचा गट तुमचे कौतुक करील. तुमचा ग्राहक तो नव्हे. ज्या गटात लेखाच्या विषयाची चर्चा खरोखर चालते तिथे, आणि एखाद्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या लेखात असेल तेव्हाच, लिंक द्यावी. सोबत संपूर्ण लेख चिकटवू नये. लेख तिथेच वाचायला मिळाला तर लिंक कोण उघडेल? लेखातील एक नेमकी माहिती दोन ओळींत सांगून खाली लिंक ठेवावी. लिंकसोबत चित्र आणि शीर्षक दिसत नसेल, तर पानात ओपन ग्राफची, म्हणजे लिंकसोबत काय दाखवायचे हे सांगणारी, माहिती भरलेली नाही असे समजावे. ती भरायला संकेतस्थळ सांभाळणाऱ्याला फार वेळ लागत नाही.

ज्यांनी पूर्वी काम दिले आहे, त्यांच्यासाठी व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट यादी, म्हणजे एकच संदेश प्रत्येकाला स्वतंत्रपणे पाठवणारी यादी, करता येते. एका यादीत २५६ जण बसतात आणि संदेश फक्त त्यांनाच पोहोचतो ज्यांनी तुमचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केलेला आहे. ही अडचण वाटली तरी चाळणी म्हणून ती चांगलीच आहे. लेख 'व्हायरल' होण्याच्या आशेवर राहू नये. एप्रिल २०२० पासून अनेकदा पुढे पाठवला गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येतो, आणि असा संदेश फिरतो तेव्हा मराठीत तरी सर्वप्रथम लेखकाचे नाव गळून पडते.

प्रश्न : काही शे रुपयांत हजारो भेटी मिळवून देण्याचा प्रस्ताव मला आला आहे. घ्यावा का? आणि गुगलवर जाहिरात करणे कितपत योग्य? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : प्रस्ताव घेऊ नये. त्या भेटी बहुधा यंत्रांच्या असतात आणि यंत्र कोणाला लेखनाचे काम देत नाही. त्याच मंडळींकडून लिंक विकत घेणे तर त्याहून वाईट. अशा विकतच्या शिफारशींच्या बळावर वर चढलेल्या संकेतस्थळांना खाली आणण्यासाठी गुगलने एप्रिल २०१२ मध्ये 'पेंग्विन' नावाचा मोठा बदल केला होता आणि तेव्हापासून हा नियम सैल झालेला नाही.

गुगलवरील जाहिरात निराळी. ती उघडपणे जाहिरात म्हणूनच दिसते आणि पैसे क्लिक झाल्यावरच लागतात. पहिल्या उत्तरात सुचवले तसे नेमके शब्द निवडावेत, शहर किंवा राज्य ठरवून घ्यावे, रोजच्या खर्चाची मर्यादा घालावी, आणि 'मोफत', 'ॲप', 'नोकरी', 'अर्थ' हे शब्द असलेल्या शोधांवर जाहिरात दिसू नये अशी सूचना आधीच भरून ठेवावी. ही शेवटची सूचना भरायची राहिली, तर पैसे शब्दाचा अर्थ शोधणाऱ्या विद्यार्थ्यांच्या क्लिकवर संपतात. जाहिरातीची लिंक मुखपृष्ठावर न नेता थेट त्या कामाच्या पानावर न्यावी, आणि त्या पानावर नमुना, दर ठरवण्याची पद्धत आणि फोन क्रमांक हे तिन्ही, मोबाइलवर खाली सरकवत न बसता दिसतील, असे ठेवावेत.